गाणाऱ्यांची राखण

पोंभुर्ण्याच्या आमच्या भजन मंडळात मी कितीतरी वर्षं नोकरी केली आणि त्या सगळ्या काळात एक ओळसुद्धा गायले नाही. माझा गळा असा की अंगणवाडीत नोकरीला असताना मी बडबडगीत सुरू केलं की बाळं कानावर हात ठेवायची. तरी गाणाऱ्यांच्या मंडळानं मला पगारावर ठेवलं, याचं माझ्या सासरच्यांना शेवटपर्यंत कोडंच राहिलं. "मंग तू करतेस का तिथी?" असं सासूबाई विचारायच्या. मी सांगायची, "बसून राहते." ते खोटं नव्हतं.

झालं असं, की चंद्रपूरच्या एका संस्थेनं मंडळाला मदत द्यायचं कबूल केलं आणि सोबत एक अट घातली. मंडळात लहान मुलं येतात, एक आंधळे ढोलकीवाले येतात, मनानं लहानच राहिलेली एक मोठी बाई येते. अशांना कोणाकडून त्रास होऊ नये, हे बघायला एक वेगळं माणूस पाहिजे. कागदावर माझ्या कामाचं नाव भलं मोठं होतं, ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. धान रानडुकरांच्या तोंडी जाऊ नये म्हणून बांधावर माच बांधून बसतात, त्याला आमच्याकडे जागल म्हणतात. लोकांनी मला 'जागलीबाई' करून टाकलं. पहिल्यांदा राग आला, नंतर वाटलं, संस्थेपेक्षा गावानंच नाव नेमकं ठेवलं.

बाहेरच्यांना या कामात काय असतं ते सांगते. ज्यानं मूल आणून सोडलं, त्याच्याच हाती ते परत द्यायचं. एकटं मूल आणि शिकवणारं मोठं माणूस बंद दाराआड बसवायचं नाही. गाणं आवडलं म्हणून कोणी पोरीला बक्षीस द्यायला जवळ बोलावलं, तर बक्षीस ताटात ठेवायला लावायचं, पोरीला उठू द्यायचं नाही. परगावी मुक्काम पडला तर सगळी मुलं एकाच जागी झोपवायची. या शेवटच्या नियमानं मला फार शिव्या खायला लावल्या. आमच्याकडे भजनवाले आले की गावकरी पाहुणे घरोघरी वाटून घेतात, आणि ज्याच्या वाट्याला कोणी आलं नाही त्याचा तो अपमान असतो. मी म्हणायची, लेकरं शाळेच्या खोलीत झोपतील, तुम्ही आंथरुणं तिथं आणा. एका गावात एक म्हातारी माझ्यासमोर पातेलं आपटून गेली होती. "माह्या घरी का लेकरं खाते का बाई कोनी?" म्हणाली. पण रात्रीच्या जेवणाला अंड्याचा रस्सा घेऊन तीच शाळेत आली आणि मुलांच्या मधोमध बसून राहिली.

गंमत म्हणजे वाघाची भीती लोकांना सांगावी लागत नाही. आमच्या भागात मोहफूल वेचायला बाया एकट्या जात नाहीत, चार-पाच जणी मिळून मोठ्यानं बोलत जातात. माणसाची भीती मात्र समजावून सांगावी लागते, कारण इथं परका कोणी नसतोच. गाण्याच्या एका बैठकीत बसलं की बाप्या माणूस मामा होतो आणि बाई मावशी. त्यामुळे मुलाला न्यायला कोणीही आलं की माझा प्रश्न ठरलेला होता, "मामा सख्खा की मानलेला?" एकदा अंजली नावाच्या पोरीला न्यायला तिचा मामा आला. अंजली जंगलातल्या एका लहानशा गावची, आई तिला तालमीला सोडून बाजाराला गेलेली. मी काही पोरीला सोडलं नाही. तो सख्खा मामा होता, आणि भडकला. "मामा म्हंजे मामाच असते जी, त्याचा का दाखला रायते?" बहीण येईपर्यंत तो कडुलिंबाखाली धुसफुसत बसला, आणि तेवढ्या वेळात सगळी तालीम ऐकून पुढच्या आठवड्यापासून स्वतःच झांज घेऊन येऊ लागला. असे रागावणारे खूप पाहिले. माझा प्रश्न ऐकून एक शब्द न बोलता गाडीला किक मारून निघून गेलेला मात्र एकच पाहिला. तो कोण होता, कुठून आला होता, मला कधीच कळलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते केशव गुरुजींबद्दल. मंडळ त्यांचं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पेटी काढली आणि तालुक्यातली गाणारी पोरं हुडकून काढली. अंगानं काटकुळे, आवाज मात्र असा की बाजाराच्या दिवशीही चौकात ऐकू यावा. मोहाच्या झाडावर त्यांनी स्वतः एक गाणं रचलं होतं, पोंभुर्ण्यात ते न येणारं मूल सापडायचं नाही. ज्याचा गळा चांगला, त्याला ते पहाटे आपल्या घरी बोलवायचे आणि माजघरात एकेकट्याला समोर बसवून घोटून घ्यायचे. ही त्यांच्या गुरूंची रीत होती. आणि माझा नियम म्हणत होता, हे चालणार नाही.

मी तसं सांगायला त्यांच्या घरी गेले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, पेटीचा भाता बंद केला.

"मले चोर समजून राह्यली का तू?"

"नाही गुरुजी. तुमच्याबद्दल कोणाच्या मनात काही नाही."

"मंग माह्यासाठी नियम काऊन?"

"नियम तुमच्यासाठी नाही जी. तुमच्यामागून या चटईवर कोण बसेल, ते तुम्हाला माहीत आहे का? वाघ दिसला नाही म्हणून मोहफूल वेचायला तुम्ही सुनेला एकटं पाठवता का?"

पुढे कितीतरी दिवस गुरुजी माझ्याशी बोललेच नाहीत, मी समोरून आले की रस्त्याची कड बदलायचे. मंडळातले लोक माझ्याकडे असे बघायचे, जशी काही मी देवळात चप्पल घालून शिरले होते. मी नोकरी सोडायचं ठरवलं, आणि त्याच सुमारास एका सकाळी त्यांच्या घरावरून जाताना बघते तर गुरुजींनी पेटी ओसरीवर मांडलेली, समोर एक पोरगं, आणि रस्त्यावर दूधवाला सायकल टेकवून ऐकत उभा. मला बघून गुरुजी पेटीवरची बोटं न थांबवता म्हणाले, "आता पाह्य, अख्खा गाव राखन करून राह्यला." त्यानंतर पोंभुर्ण्याच्या त्या गल्लीला रोज सकाळी फुकटात गाणं मिळू लागलं. बाया ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसायच्या आणि पोरगं सुरातून घसरलं की मान हलवायच्या. मला विचाराल तर माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची वर्षं ती. अंजली तिथंच तयार झाली.

गुरुजी विसरू लागले, हे आम्हा मोठ्यांना फार उशिरा कळलं. त्याचं कारण असं की गाणं शिकवणाऱ्याचं कामच तेच तेच पुन्हा म्हणणं. एकच ओळ आठवडाभर घोटून घेतली तर लोक म्हणतात, काय कडक गुरू आहे. दुसऱ्या कोणत्या धंद्यात माणूस असा विसरायला लागला असता तर आठ दिवसांत बोभाटा झाला असता. आमच्या मंडळात त्याचं कौतुक झालं. मुलांना मात्र ठाऊक होतं. एक दिवस तालमीनंतर अंजली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, गुरुजी रोज नवीन गानं म्हनून तेच शिकवून राह्यले."

"तुम्ही मग काय करता?"

"काई नाई. आमी नवीन असल्यावानी शिकतो."

मी घरी येऊन चुलीपुढे बसून रडले. नंतर गुरुजींना डॉक्टरांना दाखवून झालं, चंद्रपूरची तपासणी झाली, म्हातारपणाचा विसराळूपणा आहे, वाढत जाणार, असं सांगून झालं. ज्यांच्यासाठी मला नेमलं होतं त्या माणसांत आता केशव गुरुजी आले होते. ते स्वतः ठीक असते तर या गोष्टीवर मिशीतल्या मिशीत हसले असते.

मग एका लग्नातला प्रकार कळला. बसस्टँडवर मी गाडीची वाट बघत उभी होते, शेजारची दोन पोरं मोबाइलमध्ये बघून खिदळत होती. माझी नजर पडद्यावर गेली. मांडवात गुरुजी उभे, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. त्यांचं मोहाचं गाणं संपलं की कोणीतरी म्हणायचं, "गुरुजी, तुमी तं आज गायलेच नाई जी." गुरुजी लाजून हसायचे, "हो का? बरं बरं," आणि पुन्हा तेच गाणं सुरू करायचे. मग हशा. मग पुन्हा कोणीतरी तेच वाक्य. मी त्या पोरांना काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. त्यांतलं एक आमच्याच मंडळात शिकून गेलेलं होतं. त्याची मान खाली गेली, पण चित्रफीत तोवर गावोगाव फिरली होती.

त्याच महिन्यात मोहर्लीकडच्या एका गावात भजन सप्ताह होता. शेवटच्या दिवशी दुपारी गोपालकाला, आणि त्यात केशव गुरुजींचा सत्कार करायचं तिथल्या लोकांनी ठरवलं होतं. सत्कार म्हणजे गुरुजी गाणार. गुरुजींचा मुलगा दिलीप माझ्याकडे आला. शेतकरी माणूस, कमी बोलणारा, त्या दिवशी मात्र दारातूनच बोलू लागला.

"बाई, बाबूजीले नेऊ नका. लोकं हासतात. बाबूजीनं जनमभर इज्जत कमावली, ते मी अशी मातीत जाऊ देऊ का?"

"तिथले लोक हात जोडून बोलावताहेत, दिलीपभाऊ."

"बोलावतीन. मंग मोबाईल काहाडतीन. तुमी त्यायची राखन करता ना? मंग घरी ठेवा त्यायले."

खरं सांगते, मला त्याचं पटलं होतं. राखण म्हणजे कुंपण, हे कोणालाही पटतं. पण आमच्या कामात एक गोष्ट अशी आहे जी सगळ्यांत शेवटी सुचते. ज्याचं राखायचं, त्याला विचारायचं. अगदी त्याचं डोकं पूर्ण जाग्यावर नसलं तरी, ज्या वेळी असेल त्या वेळी विचारायचं. गुरुजींचं डोकं सकाळी उन्हं ओसरीवर येण्याच्या सुमाराला स्वच्छ असायचं. दिलीपला म्हटलं, आपण दोघं मिळून विचारू.

गुरुजी चहात पाव बुडवून खात होते. मी समोर बसले आणि सगळं सरळ सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही आणि त्यांना ती आवडलीही नसती. म्हटलं, तुम्ही एक गाणं संपवून तेच पुन्हा गाता. लोक त्यावर हसतात. त्या गावात बोलावलं आहे. जायचं की नाही?

दिलीप दाराच्या चौकटीला धरून उभा होता. गुरुजींनी कप खाली ठेवला.

"हासतात ते मले समजते," ते म्हणाले. "कायले हासतात ते समजत नाई, पन हासतात ते समजते."

"म्हनून म्हनतो बाबूजी, नोका जाऊ," दिलीप म्हणाला.

"मोठ्यायचं जाऊ दे रे. मोठे हासतात, घरी जातात. बाई, तू एक कर. पोट्ट्यायले हासू देऊ नोको. लहान्या वयात कमजोर मानसाले हासाची सवय लागली ना, मंग ते सुटत नाई. मी मास्तर होतो, मले मालूम आहे." मग त्यांनी उरलेला पाव पूर्ण खाल्ला आणि म्हणाले, "गातानी मले बरं वाटते. बाकी टायमाले मी कुठी आहो तेच समजत नाई."

दिलीप चौकटीवरून बाजूला झाला आणि परसात निघून गेला. थोड्या वेळानं तोंड धुऊन आला. "गाडी मी काढतो," एवढंच बोलला.

गोपालकाल्याच्या दिवशी मी मला सुचेल ते सगळं केलं. मुलांना पहाटेच सांगायला बसले, की आज गुरुजींच्या बाबतीत असं असं होऊ शकतं, तर तुम्ही… अंजलीनं मला मध्येच थांबवलं. ती आता मोठी झाली होती, कॉलेजात जात होती. "आमाले माहीत आहे बाई," म्हणाली. तिच्या त्या बोलण्यानं माझं भाषण तिथंच संपलं. मांडवात गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला आणि फुटक्या आवाजात विनंती केली, की गुरुजी गाताना कृपा करून मोबाइल खिशात ठेवा. निम्म्यांनी ठेवले. स्पीकरवाल्याला सांगून ठेवलं, मी हात वर केला की माइक बंद कर. आणि त्याच्याजवळच उभी राहिले.

शाल झाली, नारळ झाला, गुरुजी पेटीवर बसले. मागे आमची मुलं, बाजूला आंधळे ढोलकीवाले. मोहाचं गाणं सुरू झालं आणि तो म्हातारा माणूस बघता बघता ताठ झाला. कोणाला सांगितलं असतं की याला काल रात्री आपल्या सुनेचं नाव आठवलं नाही, तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. गाणं संपलं. टाळ्या झाल्या. गुरुजींनी हात जोडले, पेटीकडे बघितलं, पट्ट्या चाचपल्या आणि तेच गाणं पहिल्या ओळीपासून उचललं.

पुढच्या रांगेत दोघं-तिघं फिसकन हसले. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, गावातली मोठी माणसं. एकाच्या हातात मोबाइल आलाच. माझा हात वर गेला, खांद्यापर्यंत. स्पीकरवाला माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात मुलांनी ओळ धरली.

त्यांनी ती अशी धरली, की जणू गाणं आत्ताच शिकून झालं आहे आणि आज पहिल्यांदाच लोकांना ऐकवायचं आहे. एकानंही दुसऱ्याकडे बघितलं नाही. सगळ्यात लहान पोरगं, मंडळात येऊन महिना झाला नसेल, तेसुद्धा डोळे मिटून गात होतं. मी हात खाली घेतला. त्या गाण्यानंतर गुरुजींनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, आणि मुलं पुन्हा तशीच गात गेली त्यांच्यासोबत. या वेळी मांडवाच्या मागच्या बाजूला बसलेल्या बाया टाळ्यांवर ठेका देऊ लागल्या. मोबाइलवाल्यानं मोबाइल कधी आत टाकला ते मला दिसलं नाही. तिसऱ्यांदा संपल्यावर अंजली पुढे आली, गुरुजींच्या पाया पडली आणि तिनं तसाच त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. गुरुजींना वाटलं कार्यक्रम आता संपला. तो त्यांच्या लेखी अगदी वेळेवर संपला होता.

दिवस असतानाच परत निघायचं होतं, जंगलातला रस्ता. गाडीत गुरुजी पुढे दिलीपजवळ बसले, मी मागे मुलांसोबत. मुलं दमून एकमेकांच्या खांद्यावर पडली होती. गुरुजी बाहेरच्या सागांकडे बघत होते. मग मागे वळले आणि मला म्हणाले, "बाई, आज माहं गानं होतं ना?"

"झालं गुरुजी."

"झालं?" त्यांना आश्चर्य वाटलं. "बरं झालं का?"

"फार छान झालं."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्याची ती नजर आता मला ओळखीची झाली होती. काही विचारायचं आहे, पण काय ते सापडत नाही.

"कोनी हासलं का?"

दिलीपनं गाडी चालवता चालवता आरशातून माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता आलं असतं.

"हासले गुरुजी. समोरचे दोन-तीन मोठे लोक हासले."

"आन पोट्टे?"

"एकही नाही."

गुरुजींनी मान हलवली, समोर वळून बसले, आणि दिलीपच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "मंग शिकले ते."